ठासणीची बंदूक नावावर आली, आता पुढे काय?

सिंधुदुर्गात शेती संरक्षणाची बंदूक बहुतेक घरांत दुकानातून येत नाही, वडिलांकडून येते. परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा त्याच्याकडे बंदूक असण्याला २५ वर्षं झाली, की त्याच्या हयातीतच ती वारसाच्या नावावर करता येते, अशी सोय शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. माझ्याकडे ती तशीच आली. अर्ज, पोलीस चौकशी, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) हे सोपस्कार मी सांगत बसत नाही. कचेरीबाहेर उभा असलेला प्रत्येक जण ते सांगतो, आणि त्यातले निम्मे जण पैसे घेऊन सांगतात. त्या निम्म्यांपासून लांब राहा. फाइल तिच्याच गतीने हलते.

सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला मात्र नुसता कागद म्हणून आणू नका. बंदूक धरणं, उचलणं, नेणं, ठेवणं, सगळं त्यात येतं. अडचण एवढीच की मला जे शिकवलं ते काडतुसाच्या बंदुकीवर, आणि घरी होती ती ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायची. काडतुसाची बंदूक मधून मोडून उघडली की नळी आरपार दिसते. ठासणीची मागून बंद. वरून कितीही डोकावा, काळोखच दिसतो. (आणि डोकावू तर मुळीच नका.)

नवीन माणूस नेमका इथे फसतो. निपलवर (नळीच्या मागच्या टोकाची बोंडी) केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) नाही, घोडा खाली आहे, म्हणजे बंदूक रिकामी, असं आपण धरून चालतो. केप नसणं म्हणजे फक्त काडी ओढलेली नाही. दारू, काथ्याचा बोळा आणि छर्रे आत महिनोन्‌महिने तसेच बसून राहू शकतात. पूर्वी रात्री डुक्कर आला तर धावपळ नको म्हणून भरलेली बंदूकच कोपऱ्यात उभी करायची पद्धत होती. ज्याने भरली तो विसरतो, कधी तो माणूसच राहत नाही, आणि घरात एवढंच सांगितलं जातं की ती रिकामी आहे.

आमच्या वाडीतल्या निवृत्त हवालदारकाकांना मी हेच वाक्य ऐकवलं. ते म्हणाले, "रिकामी असा म्हणान कोणी सांगल्यान तुका? आधी गज घाल बघूया." गज म्हणजे नळीत दारू ठासायची लांब सळी. निपलवर केप नसल्याची खात्री केली. घोड्याला हात लावायचा नाही. नळी माणसांपासून लांब, मातीच्या बांधाकडे वळवायची, आणि तोंड, छाती, हात यांतलं काहीही नळीच्या तोंडासमोर आणायचं नाही. गज दोन बोटांच्या चिमटीत धरून आत सोडायचा, तळव्याने दाबायचा नाही. तो थांबला की नळीच्या तोंडाशी त्यावर नख लावून खूण करायची, बाहेर काढायचा आणि नळीच्या बाहेरून लावून बघायचा. खूण तोंडाशी धरली की गजाचं टोक पार मागे, निपलच्या जवळ पोचलं पाहिजे. आमचा गज चार बोटं अलीकडेच थांबला. आत बार होता, म्हणजे दारू-छर्रे भरलेलेच होते.

अशा वेळी बांधावर नेऊन उडवून टाकूया, असं सुचवणारा कोणीतरी भेटतोच. ऐकू नका. आत एक बार आहे की एकावर एक दोन, नळी आतून किती खाल्ली गेली आहे, तुम्हाला काहीच ठाऊक नाही. दोन बार असतील तर नळी फुटू शकते, आणि तीही तुमच्या डाव्या हातापाशी. खिळा घालून टोकरायलाही जाऊ नका. परवाना असलेल्या शस्त्र दुरुस्तीवाल्याला आधी कळवा आणि बार आहे हे सांगूनच बंदूक त्याच्याकडे न्या.

बंदूक खरोखर रिकामी झाली की गजावर कायमची खूण करून घ्या. तुमच्या नेहमीच्या मापाचा बार भरल्यावर दुसरी खूण. भरताना ही दुसरी खूण नळीच्या तोंडाच्या वर राहिली तर थांबा, कारण आत आधीचं काहीतरी आहे. दुसऱ्याच्या बंदुकीच्या खुणा तुमच्या कामाच्या नाहीत. मी अजूनही दर वेळी गज घालतो, घरातले हसले तरी.

दारूचं माप वेगळ्या मापट्याने घ्या, डब्यातून थेट नळीत ओतू नका. नळीत ठिणगी राहिली असेल तर हातातला अख्खा डबा पेटतो. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालायची 'आयडिया' व्हिडिओंमध्ये दिसते. ती दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त दाब देते, जुनी नळी तो सोसत नाही. असे व्हिडिओ करणाऱ्यांना बोटं किती उरलीत ते आधी विचारा. केप फुटली आणि बार नाही उडाला, तर पुरा मिनिटभर नळी तशीच बांधाकडे धरून ठेवा. जांभ्याच्या गडग्याकडे (दगडी कुंपणाकडे) कधीही बार नाही, छर्रे परत येतात.

एवढं वाचून बंदूक नकोशी वाटत असेल तर ते साहजिक आहे, मलाही वाटली होती. पण सवय लागते, आणि हात थरथरतो तो माणूस निष्काळजी माणसापेक्षा बरा. शिकायचं असेल तर ज्याने आयुष्यभर हिशोबाने शस्त्र हाताळलं त्याच्याकडे जा: लष्करातला, पोलिसांतला. किती डुकरं पाडली ते सांगणाऱ्या शिकाऱ्याकडे नको. रानात सावज समजून माणसावर गोळी गेल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. पाल्यात काहीतरी हललं म्हणजे डुक्कर आला असं होत नाही.

तसंही शेती संरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नाही. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो, मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आवाजाने पळवायचं असेल तर नुसत्या दारूचा बार पुरतो, पण त्याही वेळी समोर माणूस नको. बंदूक शेजाऱ्याला एका रात्रीपुरती देणं हा गुन्हा आहे, चुलतभाऊ असला तरी. लग्नात, शिमग्यात हौसेने उडवलेला बारही शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर महागात पडतो: लोकांचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरणं आता जास्तच सोपं झालंय.

पावसाळ्यात काळ्या दारूची राख नळीत ओल धरते. बार उडवला त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. दारू आणि केपी वेगवेगळ्या डब्यांत कुलपात, चुलीपासून लांब, आणि किल्ली पोरांना माहीत असलेल्या खुंटीवर नको.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते, नेमकी भात पिकायच्या दिवसांतही. जमा करताना रिकामी असल्याची तिथल्या माणसासमोर खात्री करा आणि नंबर घातलेली पावती घ्या. सूट हवी असेल तर छाननी समितीकडे अर्ज करता येतो. सातबारा आणि पीक नुकसानीचे पंचनामे जोडून तो आचारसंहिता लागल्या लागल्या द्या.