तीन टॉवेल घेऊन एनके पेशी शिकवा

बारावीला जन्मजात प्रतिकारशक्ती शिकवायची असेल, तर वर्गात जाताना पिशवीत तीन सोलापुरी टॉवेल टाका. पहिल्याचं लेबल उसवा आणि काठाजवळचे चार-पाच धागेही सुईनं ओढून काढा. दुसऱ्याचं लेबल राहू द्या, फक्त धागे ओढा, पण पहिल्यापेक्षा बरेच जास्त. तिसऱ्याचं नुसतं लेबल काढा, विणीला हात लावू नका.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायचे. टॉवेल हातात आला की अंगठा आधी काठावरून फिरायचा, मग लेबलावर. एनके पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशी हुडकून मारणारी ‘नॅचरल किलर’ पांढरी पेशी, हेच दोन्ही बघते.

केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीवर एमएचसी वर्ग १ ची प्रथिनं असतात. हे लेबल. ते लागलं की एनके पेशी हात आवरते. कर्करोगाकडे वळलेल्या पेशी टी पेशींना (या लेबलावरूनच शिकार ओळखणाऱ्या दुसऱ्या रक्षक पेशींना) चुकवायला बरेचदा हेच लेबल उतरवतात, आणि इथं एनके पेशीच्या हाती सापडतात. ही कल्पना स्वीडनच्या क्लास कॅरे यांनी १९८० च्या दशकात मांडली, त्यांचं नाव मुलांना जरूर सांगा.

आता ओढलेले धागे. डीएनएला इजा झाली की पेशी एमआयसीए, एमआयसीबी अशी प्रथिनं अंगावर आणते. निरोगी पेशींवर ती फारशी नसतात. एनके पेशीवरचा एनकेजी२डी हा ग्राही (रिसेप्टर) त्यांनाच धरतो.

इथं घाई करू नका. मी बरीच वर्षं ‘लेबल नाही, म्हणजे मारली’ एवढं सांगून पुढं जायचे. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तांबड्या पेशींवर तर हे लेबल नसतंच की. मग त्या कशा वाचतात?" मला उत्तर आलं नाही. रात्री वाचत बसले, दुसऱ्या दिवशी सांगितलं: नुसतं लेबल नसून भागत नाही, धागाही ओढलेला लागतो. तिसरा टॉवेल तेव्हापासून पिशवीत आला. उलट, धागे फारच उसवले असतील तर लेबल असूनही पेशी मारली जाते, त्यासाठी दुसरा टॉवेल.

मारण्याची रीत दोन वाक्यांत उरका: एनके पेशीनं सोडलेलं परफोरिन हे प्रथिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम ही विकरं आत शिरतात. मग ती पेशी स्वतःच स्वतःला संपवते.

शेवटी मुलांना डोळे मिटायला सांगून टॉवेल फिरवा. एनके पेशीही समोरच्या पेशीला चिकटून, चाचपूनच ठरवते. कुठला मारायचा आणि का, हे प्रत्येकाकडून बोलून घ्या.