आधी पॅड, मग ब्रॅकेट

पुण्यात आमच्या मंडळाच्या कॅरम स्पर्धेचा ड्रॉ मी चार वर्षं काढला. एमएससाठी कॅलिफोर्नियात आलो, सॅन होजेजवळच्या एका आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या गेम मशीनच्या दालनात, डान्स मशीनचा नाद लागला, आणि तिथल्या मुलांनी स्पर्धा घे म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. नावं लिहायची, चिठ्ठ्या काढायच्या, की ब्रॅकेट, म्हणजे सामन्यांचा तक्ता, तयार; जिंकेल तो पुढे. त्यात काय?

कॅरमचा बोर्ड दमट असला तर पावडर मारून काम भागतं, आणि बोर्ड वाईट असला तरी दोघांना सारखाच वाईट असतो. इथे एका मशीनला दोन पॅड, म्हणजे पायाने दाबायचे बाण असलेले चौथरे; पडद्यावर बाण येईल तसं गाण्याच्या ठोक्यावर पाऊल टाकायचं. दोघं शेजारीशेजारी उभे राहून एकच गाणं खेळतात, आणि डावा पॅड हुबेहूब उजव्यासारखा कधीच नसतो. माझ्या पहिल्या स्पर्धेत अंतिम सामन्याच्या दुसऱ्या गाण्यात डाव्या पॅडचा उजवा बाण मधूनमधून पाय ओळखेनासा झाला. खेळणारा मुलगा हरला, हसून हात मिळवला आणि बूट बदलायला गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या रात्री वाटत राहिलं.

आमचा गेम म्हणजे डान्स डान्स रेव्होल्यूशन, कोनामीचा, 1998 चा. चार बाण, मागे धरायला बार. त्याच्या पुढच्याच वर्षी कोरियाच्या अँडामिरोने पंप इट अप काढला. त्यात मधला एक आणि कोपऱ्यांतले चार असे पाच पॅनल असतात. दोन्हींचे खेळाडू वेगळे, पायांच्या सवयी वेगळ्या. नवख्या आयोजकाने दोन्ही एकाच दिवशी घ्यायच्या भानगडीत पडू नये.

पॅडचं एवढं पुराण कशाला, तर हिशेब मिलिसेकंदांचा आहे म्हणून. 'मार्व्हलस', म्हणजे सर्वात अचूक पावलाचा शेरा, मिळायला पाऊल ठोक्याच्या साधारण 16.7 मिलिसेकंद आतबाहेर पडावं लागतं; म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर एका फ्रेमचा फरक. गुण दहा लाखांपैकी. सगळी पावलं मार्व्हलस आणि एकच त्याखालचं 'परफेक्ट' पडलं, तर स्कोर 9,99,990. वरच्या गटातले सामने अशा दहा-वीस गुणांवर फिरतात. तिथे बाणाखाली अडकलेली बुटाची माती सामना ठरवू शकते.

म्हणून आता मी दोन तास आधी जातो. आर्केडच्या तंत्रज्ञाकडे किल्ली असते. त्याच्याकडून सर्व्हिस मेनू उघडून घ्यायचा आणि इनपुट तपासणीच्या पडद्यावर प्रत्येक बाण चारही कडांवर दाबून बघायचा. प्रत्येक कडेखाली सेन्सर असतो, त्यामुळे मध्यभागी दाबून 'चालतंय' म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं. मग सैल स्क्रू, मग ओलं फडकं, मग कोरडं. शेवटी दोन चांगल्या खेळाडूंना एकच गाणं पॅडची अदलाबदल करून खेळायला लावायचं. मशीनपेक्षा त्यांचे पाय जास्त खरं सांगतात. स्क्रूड्रायव्हर स्वतः फिरवू नका. मशीन आर्केडचं आहे, आणि बिघडलं तर पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवतील.

आता वेळ. पहिल्या वेळी 24 जण होते, मशीन एक, हातात पाच तास. दोनदा हरल्याशिवाय कोणी बाद नाही, अशी पद्धत मी उत्साहात जाहीर केली. गाणं दीड-दोन मिनिटांचं, पण बाणांचा वेग लावणं, निकालाच्या पडद्याचा फोटो, पाणी पिणं धरून चार मिनिटं जातात. तीन गाण्यांचा सामना बारा मिनिटं. 24 जणांचे किमान 46 सामने, म्हणजे सव्वानऊ तास! हा गुणाकार मी संध्याकाळी पाच वाजता केला. मधूनच साधी बाद पद्धत लावली, आणि ज्यांची दुसरी संधी गेली त्यांच्या नजरा अजून आठवतात.

आता चौघांचे सहा गट. सगळ्या गटांना तीच तीन गाणी. एकेक गाणं दोन जोड्यांत खेळलं जातं, म्हणजे गटाला 24 मिनिटं. सहा विजेते आणि उरलेल्यांतले सर्वाधिक गुणांचे दोघं, असे आठ पुढे. तिथून बाद फेरी, सात सामने. सगळं मिळून पावणेचार तासांच्या आसपास. वरचा सव्वा तास बिघाडासाठी राखीव, आणि तो लागतोच.

बाद फेरीत गाणी निवडायला ड्रॉ. पाच गाणी काढायची, प्रत्येकाने एकेक खोडायचं, उरलेली तीन खेळायची. गाण्याच्या अवघडपणाची पातळी 1 ते 20 अशी असते. नवख्यांचा गट वेगळा ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी ते येणारच नाहीत. एक खोच अशी, की काही गाणी खेळाडूच्या खात्यात उघडलेली असतील तरच दिसतात. ड्रॉच्या यादीतलं प्रत्येक गाणं खातं न लावता एकदा शोधून बघा. डावा-उजवा पॅड कोणाला, हे नाणेफेकीने.

नियम कागदावर मोजकेच ठेवा, पण बिघाडाचा नियम हवाच. आमचा असा: गाणं संपल्यावर, निकालाचा पडदा जायच्या आत हात वर करायचा. पंच बाण तपासणार. दोष दिसला तर गाणं पुन्हा, नाही दिसला तर स्कोर कायम. पंच त्या गटात खेळणारा नको. मी पहिल्या वेळी पंचही होतो, खेळाडूही, आणि कॅशियरही. त्यातलं फक्त कॅशियरचं काम बरं झालं.

आर्केडच्या मॅनेजरकडे शनिवार मागू नका. तो वाढदिवसाच्या पार्ट्यांचा दिवस, आणि दहा वर्षांच्या पोरांना मशीनवरून उतरवणं कोणत्याही पंचाला जमत नाही. मंगळवारची संध्याकाळ मागा. चाळीस माणसं येतील, खातील-पितील, हे आधी सांगा आणि मशीन तासाच्या भाड्यावर फ्री प्लेवर, म्हणजे दर खेळाला पैसे न टाकता चालेल असं, टाकून मिळेल का ते विचारा. पैशांचं बक्षीस ठेवायचं असेल तर तिथला कायदा आधी बघा. आम्ही ट्रॉफी आणि चकलीचं पाकीट देतो, चकलीसाठी चुरस जास्त असते.

संपल्यावर पॅड पुसा, आवाज होता तिथे आणा, आणि फ्री प्ले बंद झाल्याची खात्री करा. एकदा ते राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या गावाने फुकट नाचून घेतलं.