मजुरी बुडू नये म्हणून: असंघटित कामगारांनी हाताशी काय ठेवावं

बांधकामावरचा बिगारी, ऊसतोडीला जाणारं जोडपं, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, कुणाचीही मजुरी थकली की समोरून एकच प्रश्न येतो: "तुम्ही इथं कामाला होतात, याला पुरावा काय?" सरकारी योजनांची माहिती आता कुठंही मिळते. या प्रश्नाची तयारी मात्र कामाच्या पहिल्या दिवसापासून आपली आपणच करावी लागते.

स्वतःची हजेरी वही

मुकादमाच्या वहीत तुमचं नाव असतं, पण भांडण झालं की ती वही सापडत नाही. म्हणून दोनशे पानी वही घ्या आणि रोज संध्याकाळी तारीख, ठिकाण, काम, ठरलेली मजुरी, मिळालेले पैसे आणि बाकी लिहा. लिहिता येत नसेल तर हाच तपशील बोलून घरच्या कुणाला तरी व्हॉट्सॲपवर पाठवा. तारीख-वेळ आपोआप पडते. सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं लिहायला विसरू नका, पुढं तेच साक्षीदार होतात. मजुरीतला थोडा भाग तरी बँकेत किंवा यूपीआयने मागा. रोखीचा माग राहत नाही.

ही मेहनत फुकट जात नाही. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ५९ नुसार मजुरी मिळाली नाही असा दावा झाला, की ती दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. तुम्ही तिथं कामाला होता, एवढं मात्र तुम्हालाच दाखवावं लागतं.

ठेकेदाराच्या वरचा माणूस कोण?

ठेकेदार फोन बंद करून गायब झाला, तर बहुतेक मजूर तिथंच हात टेकतात. खरं तर ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्याच्या आस्थापनेत काम झालं त्या मूळ मालकाने ती द्यावी, असं कायदाच सांगतो. त्यासाठी मालकाचं नाव माहीत हवं. कामावर गेल्या गेल्या साइटवरच्या पाटीचा फोटो काढा. बिल्डरचं नाव आणि महारेरा क्रमांक, म्हणजे प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक, बहुधा तिथं असतो. ऊसतोडीत कारखान्याचं नाव आणि काट्याच्या पावत्यांचे फोटो जपा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना आकडा दोघांच्या सहीने कागदावर आणा, कारण हंगाम संपताना फिरतो तो हाच आकडा.

नोंदणी

ई-श्रम या केंद्र सरकारच्या पोर्टलवर १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराची नोंदणी मोफत होते. आधार आणि बँक खातं लागतं. पीएफ किंवा ईएसआय असलेल्यांना आणि आयकर भरणाऱ्यांना ती करता येत नाही. कार्ड निघालं म्हणजे खात्यात पैसे येतील, असं सांगणाऱ्या एजंटापासून लांब राहा.

बांधकाम कामगाराने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे वेगळी नोंदणी करावी. तिथं मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करू लागला की वहीतल्या तारखा कामाला येतात. बँकेत जाणारच असाल तर वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही सुरू करा. १८ ते ७० वयापर्यंत तो मिळतो आणि अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना दोन लाख मिळतात.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे. माल जप्त झाला तर तिथल्या तिथं यादी मागून घ्या. शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. यादी नसेल तर काय काय नेलं, हे सांगायला जागाच उरत नाही.

पैसे थकलेच तर

आधी मालकाला लेखी मागणी करा, मेसेज असला तरी चालेल. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्या. सोबत वहीच्या झेरॉक्स जोडा, मूळ वही कुणाच्याही हातात देऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पाच-सहा जणांनी मिळून अर्ज केला तर तो सहसा बाजूला पडत नाही, आणि एकट्यादुकट्यावर येणारा दबावही वाटला जातो. दाव्याची मुदत तीन वर्षांची असली तरी थांबू नका. साक्षीदार दुसऱ्या गावी निघून जातात.

वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

घरकाम करणाऱ्या बाईला कामाच्या घरी लैंगिक त्रास झाला, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो.