व्हीलचेअरवर बसून गळ टाकायचाय? आधी काठ बघा

मराठवाड्याच्या काळ्या मातीचा भरवसा नाही. उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरलं की काठ वरून वाळलेला दिसतो, पण पुढची छोटी चाकं पापडीतून थेट गाळात. मी एकदा तासभर तसाच रुतून बसलो होतो, मासा सोडा, गळसुद्धा टाकला नव्हता. म्हणून पावसाळ्यानंतर, पाणी वर असताना जा. दगडी घाट किंवा मुरमाची जागा निवडा.

खुर्ची पाण्याकडे तोंड करून लावू नका, आडवी लावा. ब्रेक ओढा, शिवाय उताराच्या बाजूला चाकांना विटा. लाइफ जॅकेट घाला. खुर्चीचा पट्टा लावलाच तर एका झटक्यात सुटणारा.

एका हातात जोर नसेल तर दीड इंची पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा दोन क्लॅम्पनी खुर्चीच्या हाताच्या दांडीखाली तिरका आवळा आणि काठीचं बूड त्यात सोडा. पकड ढिली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मनगटासकट काठीच्या मुठीला गुंडाळू नका, मोठा कटला ओढ देतो तेव्हा हात सुटला पाहिजे. पट्टी नुसती काठीच्या मुठीवर गुंडाळा, जाड झाली की धरायला सोपी. काठीच्या टोकाला एक घुंगरू बांधा, नजर अधू असलेल्यालाही मासा लागल्याचं कळतं.

बरेच तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात, आधी विचारून घ्या. वन्य प्राण्यांच्या शिकारीचं मात्र नावच नको, 1972च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे.