सूर्यास्ताची बोट आणि स्नॉर्केलिंग: अंदमानला निघालेल्या इंदूरकरांनो, या चुका टाळा

डिसेंबरच्या अखेरीस इंदुरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्याच दिवशी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, तो पाचच्या ठोक्याला समुद्रात गेलेला असतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. इंदूर तिच्या पश्चिमेला, अंदमान दहा अंश पूर्वेला. मार्चमध्ये हा फरक तासाच्याही वर जातो. शाळेत सगळेच हे शिकतो आणि सहलीचं बुकिंग करताना सगळेच विसरतो.

आम्हीही विसरलो. स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघण्याची, बोट चारची होती. ‘चार म्हणजे भर दुपार’ असं म्हणत जेवलो, जरा लवंडलो आणि दहा मिनिटं उशिरा धक्क्यावर पोचलो. पाण्यात उतरेपर्यंत साडेचार होऊन गेले. खाली प्रवाळ होते, मासेही असणार. मला दिसलं ते राखेच्या रंगाचं काहीतरी. मेहुणा वर येऊन म्हणाला, “भावजी, यापेक्षा टीव्हीवर बरं दिसतं.”

दोष समुद्राचा नव्हता. सूर्य खाली आला की उन्हाचा बराच भाग पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. क्षितिजापासून दहा अंशांवर आला, तर सपाट पाण्यावरही साधारण तिसरा हिस्सा वरच्या वर जातो. उरलेल्यातला लाल रंग पाणी पहिल्या काही मीटरांतच गिळतं. दहा अंश मोजायला यंत्र लागत नाही: हात सरळ लांब करून मूठ धरा, क्षितिज आणि सूर्य यांच्यात एकच मूठ मावत असेल तर तेवढेच. तोवर सगळ्यांनी पाण्याबाहेर यायला हवं. डिसेंबरात ही वेळ सव्वाचारची, म्हणजे तीनला पाण्यात उतरलात तरच तासभर नीट बघायला मिळेल.

म्हणून बुकिंग करताना ‘बोट किती वाजता सुटते’ हे विचारून भागत नाही. ‘पाण्यात किती वाजता उतरवणार’ हे विचारा. आधी स्नॉर्केलिंग, मग सूर्यास्त, हाच क्रम. उलटं सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

त्याच दमात भरती-ओहोटीही विचारून घ्या. आपल्याला सवय नर्मदेची. ओंकारेश्वर असो की महेश्वर, पाणी एकाच दिशेने जातं. समुद्राची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी सरकते, त्यामुळे शेजाऱ्यांनी मागच्या आठवड्यात सांगितलेलं वेळापत्रक तुमच्या कामाचं नाही. ओहोटीच्या तळाला प्रवाळ पोटाशी येतात, गुडघे सोलून निघतात.

मास्कची रडगाणी

ट्रिप वाया जाते ती बहुतेकदा मास्कमुळे. बोटीवर पेटी उघडली की लोक हाताला येईल तो मास्क उचलतात. तसं करू नका. पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा घ्या. पाणी शिरायला लागलं की माणूस पट्टा आवळतो. त्याने रबराची कड वाकडी होते आणि पाणी आणखी येतं. पट्टा सैलसरच, पण डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर हवा. कडेखाली केसाची एक बट अडकली तरी गळती सुरू होते. मिशीवाल्यांनी मिशीवर व्हॅसलीनचं बोट फिरवावं. आमच्या घरच्या झुबकेदार मिशीने तेही जुमानलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कातरावी लागली, आणि तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर अजून फिरतो आहे.

काच धुरकट होत असेल तर आतल्या बाजूला थुंका, बोटाने पसरवा, समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळा. इथे इंदूरकराची पंचाईत होते. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर काढणाऱ्या गावच्या माणसाला थुंकायला सांगितलं, की तो आधी पावती फाडणारा कोणी आहे का ते बघतो. खुशाल थुंका. अगदीच जमत नसेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब. कपाळाला मात्र सनस्क्रीन थापू नका. ते वितळून मास्कमध्ये उतरतं आणि डोळे झोंबतात. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला.

मास्कमध्ये पाणी आलंच तर तो उपटून काढू नका. वरची कड कपाळाशी दाबा, मान थोडी वर करा आणि नाकाने जोरात हवा सोडा; पाणी खालून निघून जातं. नळीत पाणी गेलं तर तोंडाने एकच जोरदार फुंकर. काही सुचेनासं झालं तर पाठीवर उलटा, नळी काढा. लाइफ जॅकेट तरंगवतंच. हे सगळं निघण्याआधी इंदूरच्या तरणतलावात दोन दिवस करून बघा.

चष्मा मास्कखाली बसत नाही. मास्कमधून पाण्यातल्या वस्तू पाव अंतराने जवळ दिसतात, त्यामुळे एक-दीड नंबरवाल्यांचं निभून जातं. जास्त नंबर असेल तर नंबराचा मास्क मिळेल का, हे आदल्या दिवशीच विचारा.

आणि फोटोसाठी पाण्यात अंगठा दाखवू नका. डायव्हिंगच्या खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’. आमच्या मुलाला गाइडने तीनदा बोटीकडे ओढत नेलं, तेव्हा उलगडा झाला. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा.

पोटाचं आणि बाकीचं

बोट लागते ती चालताना कमी, नांगर टाकून डुलताना जास्त. मागे डिझेलचा वास असतो, म्हणून मध्यावर बसा, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली बाहेरच येते. जिरावण घातलेले पोहे आणि वर जिलबी हा नाश्ता त्या दिवशी नको, पण उपाशीही निघू नका.

मोबाइलच्या प्लास्टिक पाउचमध्ये आधी टिश्यू पेपर भरून हॉटेलच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. फोनवरची ‘पाण्याने बिघडत नाही’ ही हमी गोड्या पाण्यातल्या चाचणीची असते, खाऱ्याची नाही.

प्रवाळावर उभं राहू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. मेलेला तुकडाही बॅगेत घालू नका, विमानतळावर निघतो. बोट परत आल्यावर ‘अजून उजेड आहे’ म्हणून किनाऱ्यावरून पुन्हा पाण्यात जाणंही नको. तिन्हीसांजेला खाऱ्या पाण्यातल्या मगरी वावरतात. २०१० मध्ये हॅवलॉकच्याच राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकी तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. तिथली मगरींच्या इशाऱ्याची पाटी शोभेची नाही.

सूर्य टेकला की बोटीवर वारा सुटतो आणि ओल्या कपड्यांत पौषातल्या इंदूरसारखी हुडहुडी भरते. कोरडा टॉवेल आणि एक जाडसर सदरा पिशवीत सगळ्यात वर ठेवा. शेवेचं पाकीट त्याच्याखाली. ते आता काढायला हरकत नाही.