तेलकट, पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यासाठी सनस्क्रीन कसं निवडावं

कॉलेजात असताना मी पहिलं सनस्क्रीन आणलं ते घट्ट, पांढरं, सायीसारखं. मे महिन्यात दादरच्या पुलावर ते घामाबरोबर डोळ्यांत उतरलं आणि डोळे असे चुरचुरले की पुढची गाडी सोडावी लागली. दोन-तीन आठवड्यांत कपाळभर पुटकुळ्या आल्या. ट्यूब कपाटात गेली आणि मी उघड्या चेहऱ्याने उन्हात फिरू लागले. पुटकुळ्या गेल्या, त्यांचे काळे डाग मात्र वर्ष सरलं तरी हलेनात.

आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाच्या त्वचेत पिंपल बरा होताना मागे रंगद्रव्य साठतं आणि ऊन लागलं की तो डाग आणखी गडद होतो. म्हणून ज्याला पिंपल्स येतात त्याला सनस्क्रीन इतरांपेक्षा जास्त लागतं. फक्त ते असं हवं, की पुरेसं लावूनही चेहरा गुदमरणार नाही. निवड करताना ही एकच कसोटी मी सगळ्यात वर ठेवते.

१. आधी औषधं आठवा

पिंपल्ससाठी रात्री अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन लावत असाल, आयसोट्रेटिनॉइनच्या किंवा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील, तर त्वचा उन्हाला जास्त हळवी झालेली असते. वरून तेलकट दिसली तरी आतून कोरडी पडून ती चटकन चुरचुरते. अशा वेळी भरपूर अल्कोहोल असलेली जेल सोसत नाहीत. दुकानात गेल्यावर औषधांची नावं आधी सांगा.

२. खोक्यावरचे आकडे

एसपीएफ म्हणजे उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा. एसपीएफ ३० नीट लावलं तर या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ने सुमारे ९८. म्हणजे ३० च्या खाली जाऊ नका आणि ७०-१०० च्या मागेही धावू नका. जास्त आकड्यासाठी जास्त फिल्टर, म्हणजे किरणं अडवणारे घटक, घालावे लागतात, त्यामुळे लेप अनेकदा जड होतो.

एसपीएफ फक्त यूव्हीबीचं सांगतो. यूव्हीए किरण बसच्या, ऑफिसच्या काचेतूनही येतात आणि डाग गडद करण्यात त्यांचा मोठा हात असतो. त्यासाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे दोन्ही किरणांवर चालणारं, हे शब्द आणि ‘पीए’ (PA) या यूव्हीए संरक्षणाच्या खुणेपुढची अधिकची (+) चिन्हं बघा. तीन तरी हवीत, चार असतील तर उत्तम.

३. क्रीम, जेल की फ्लुइड

मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत पातळ फ्लुइड किंवा पाण्यासारखं जेल बरं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हलकं लोशनही चालून जातं. ‘मॅट फिनिश’वाल्यांत बहुधा सिलिका असते, ती तेल शोषून घेते. पावडर आणि स्प्रेच्या भरवशावर राहू नका, ते पुरेसं बसत नाही.

मिनरल, म्हणजे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडवालं सनस्क्रीन हळव्या त्वचेला सहसा मानवतं, पण आपल्या रंगावर राख फासल्यासारखं दिसतं. डाग बरेच असतील तर आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड घ्या. डाग साध्या उजेडानेही गडद होतात आणि तो उजेड अडवायला आयर्न ऑक्साइडच कामाला येतं.

४. ट्यूब उलटी करून वाचा

‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं. हा शब्द असलेलं घ्या, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका, कारण त्यामागे सर्वांना बांधील अशी एकच ठरलेली चाचणी नाही. मागची घटकांची यादी साधारण प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या काही नावांत खोबरेल तेल, कोको बटर किंवा आयसोप्रोपिल मायरिस्टेट दिसलं तर ट्यूब परत ठेवा. वास जेवढा कमी तेवढं चांगलं.

५. दोन बोटांची परीक्षा

फसगत होते ती इथेच. दुकानात मनगटावर थेंबभर चोळून बघितलं की प्रत्येक सनस्क्रीन हलकंच वाटतं. खोक्यावरचा आकडा काढतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहऱ्याचा हिशोब केला तर साधारण सव्वा ग्रॅम होतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढली की अंदाजे तेवढं येतं. मानेला आणखी थोडं घ्या. याच्या निम्म्यावर भागवलंत तर ५० चं संरक्षण हाती लागत नाही.

म्हणून सगळ्यात लहान पॅक आणा आणि सुट्टीच्या दिवशी धुतलेल्या चेहऱ्यावर पूर्ण दोन बोटं लावा. एकदम थापू नका. एका बोटाचं आधी, ते मुरलं की दुसऱ्याचं. पंधरा-वीस मिनिटांनी आरशात बघा. पांढुरकं दिसतंय का? बोट फिरवल्यावर मळाच्या वळ्यांसारखं सुटून येतंय का? मग अर्धा तास घरातली कामं करा, घाम येऊ द्या. डोळे झोंबले, कपाळ तुपकट झालं, तर ते रोज लावणं तुमच्याच्याने होणार नाही, कितीही महाग असो. मॉइश्चरायझर लावून वर हे लावत असाल तर एकदा त्याशिवाय करून बघा. तेलकट त्वचेला बरेचदा सनस्क्रीनचा ओलावाच पुरतो.

६. तीन आठवडे थांबा

खाज, लाली, आग ही दोन-तीन दिवसांत कळते. बुजलेल्या छिद्रांतून पिंपल वर यायला आठवडे लागतात. म्हणून आधी चार दिवस फक्त जबड्याच्या एका कडेला लावा, मग पूर्ण चेहऱ्यावर, आणि त्या काळात दुसरं काहीही नवं सुरू करू नका, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

निवड झाल्यावर बाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावा आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम आधी रुमालाने टिपायचा, पुसायचा नाही. पावसाळी ढगांतूनही किरणं येतात, तेव्हा जूनमध्ये बंद करू नका. रात्री सौम्य फेसवॉशने धुवाच. कितीतरी वेळा पिंपल्सचं खरं कारण न धुतलेला थर असतो. पुण्यात स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींना मी आवर्जून सांगते: सनस्क्रीन मुरल्यावरच स्कार्फ बांधा आणि तो रोज धुवा. कालचा घाम-तेल मुरलेलं कापड गालावर घासत राहिलं तर दोष सनस्क्रीनला लागतो.

५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा चेहऱ्यालाच लावली तर जेमतेम चाळीस दिवस पुरते. तेव्हा किंमत बघताना हा हिशोब धरा आणि सहा महिने पुरवून पुरवून वापरावी लागेल अशा महागड्या ट्यूबपेक्षा दर दीड महिन्याला परवडेल अशी घ्या.

कपाळावर एकसारख्या, बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या उठल्या किंवा आत दुखणाऱ्या गाठी आल्या तर सनस्क्रीन बदलत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि चेहऱ्याला लावता ती प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या, मैत्रिणीने दिलेलं गोरेपणाचं क्रीमसुद्धा. अशा क्रीममध्ये कित्येकदा स्टेरॉइड निघतं.