इंजिन बसलंय, तेच बांधायचं की दुसरं टाकायचं?

डिझेल इंजिन बसलं, म्हणजे आतून जाम झालं, की माणूस एकतर परत परत सेल्फ मारून बघतो, नाहीतर वैतागून "काढा हे, दुसरं बसवा" म्हणून मोकळा होतो. दोन्हीत नुकसान आपलंच आहे. सेल्फ तर अजिबात मारू नका, कारण सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साठलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना त्यावर आदळतो आणि रॉड वाकतो, म्हणजे जे इंजिन कदाचित नुसतं हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बदलून सुटलं असतं ते थेट फुल कामाला लागतं.

उघडायच्या आधी ऑइल स्वच्छ भांड्यात काढा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, पातळ असून डिझेलचा वास आला तर नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) नाहीतर डिझेल पंप गळत असेल. मग ऑइल फिल्टरचा पत्रा कापा, आतला घड्या घातलेला कागद पंख्यासारखा उलगडून उन्हात धरा आणि लोहचुंबक फिरवा. चिकटले ते कण क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), रिंगा, लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), गिअर यातलं कुठलं तरी लोखंड, न चिकटणारे पांढरट तुकडे बहुतेक पिस्टनचे, तांबूस असतील तर बेअरिंग नाहीतर बुश. या पाच मिनिटांच्या कामातून इंजिन आत किती खराब झालंय याचा बराच अंदाज येतो, तरी फिल्टर तसाच कचऱ्यात टाकणारेच जास्त बघितलेत.

आता खरा निर्णय ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) आणि क्रँकवर आहे. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग, गॅसकेट हे सगळं बदलायचंच सामान, त्याची यादी लांबलचक आली म्हणून घाबरू नका. रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडली असेल तर माझ्या मते तो ब्लॉक संपला, बिडाला वेल्डिंग मारून देणारे भेटतात पण रोज लोड ओढायच्या इंजिनावर मी तो भरवसा ठेवणार नाही. तडा नुसत्या डोळ्याला दिसेलच असं नाही, म्हणून ब्लॉक धुऊन प्रेशर टेस्ट करून घ्या. बेअरिंग जागेवर फिरलं असेल तर त्याची बसायची जागा मोजा, मेनची, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये बसतो ती जागा बिघडली असेल तर लाइन बोअरिंग (त्या सगळ्या जागा एका रेषेत परत कापणं) लागतं आणि तिथे खर्च एकदम उडी घेतो. ज्या लायनरभोवती पाणी फिरतं ते लायनर काढून बाहेरची बाजू नीट बघा, टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर समजा कुलंटकडे बरेच दिवस कोणी बघितलेलं नाही. लायनर नवे येतील हो, पण ते ज्या कडेवर बसतात ती ब्लॉकमधली कड खाल्लेली असेल आणि मशीनवर दुरुस्त होत नसेल तर नवे लायनरही धड बसणार नाहीत.

क्रँकच्या जर्नलवरून (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावरून) नख फिरवा, अडकलं तर ग्राइंडिंग आलं. जर्नल निळं पडलं असेल तर ते तापलंय, तडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मायक्रोमीटर लावा, अंदाजावर राहू नका. अंडरसाइज बेअरिंग (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीची जाड बेअरिंग) साधारण 0.25, 0.50, 0.75 मिमी अशा टप्प्यांनी मिळतात, त्यामुळे आधीच दोन वेळा घासलेला क्रँक असेल तर पुढचं माप मिळतंय का हे आधी विचारा आणि मगच तो ग्राइंडिंगला पाठवा. काही क्रँकवर कडकपणाचा थर पातळ असतो, घासल्यावर तो निघून जातो, मग क्रँक परत कडक करून घ्यावा लागतो, तेव्हा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघितलंच पाहिजे. हेडचं त्यामानाने सोपं आहे, सपाटी आणि तडा तपासायचा, नाहीच जमलं तर हेड वेगळं घेता येतं.

आणि इंजिन गेलं कशाने, हे सापडेपर्यंत एक बोल्टही विकत घेऊ नका. मी एकदा फक्त तिसऱ्या नंबरचा वितळलेला पिस्टन आणि लायनर बदलला, नॉझल "चांगले दिसतायत" म्हणून तसेच बसवले. थोड्याच दिवसात त्याच सिलिंडरचा पिस्टन परत भोक पडून आला. नॉझल फवारा मारत नव्हता, धार सोडत होता आणि ती पिस्टनच्या डोक्यावर एकाच जागी जळत होती. इंजिन अख्खं नवं टाकलं असतं तरी त्या नॉझलने तेच केलं असतं.

माझा हिशोब साधा आहे. ब्लॉक आणि क्रँक दोन्ही मापात येतायत तर तेच बांधा, आत काय आहे ते तुम्हाला माहीत असतं. दोन्ही गेले तर दुसरं टाका. एकच गेलं असेल तर पंप, नॉझल, टर्बो, हेड, मजुरी आणि गाडी उभी राहण्याचे दिवस सगळं धरून आकडा काढा, तो तयार रिकंडिशन इंजिनाच्या जवळ गेला तर मी तयार इंजिन घेईन, पण वॉरंटीत नेमकं काय धरलंय ते लेखी घेऊनच. सेकंडहँड घेताना थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावा, ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन (रिंगांमधून निसटून तिथून बाहेर येणारा धूर-हवा) बघा, ऑइल चेंबरचा आकार, माउंटिंग, सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जुळतायत का तेही, कारण बाहेरून सारखी दिसणारी इंजिनं वायरिंगला येऊन अडकतात. इंजिन नंबरची कागदपत्रं तर पाहिजेतच.

काहीही ठरवलं तरी जुना ऑइल कूलर तसाच लावू नका, त्याच्या बारीक वाटांमध्ये धातूचे कण बसून राहतात आणि धुऊनही सगळे निघत नाहीत, शक्यतो नवाच टाका. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर आणि पाइपातलं ऑइल पण पूर्ण काढा, नाहीतर इंजिन तेच ऑइल ओढून जाळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून थोडं थोडं सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा उठला की मगच डिझेल सोडा.